चिंचपुऱ्याच्या पाच बाटल्या

जानेवारीत पुष्पलताला आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं आणि त्या दिवसापासून चिंचपुऱ्याची शांतता गेली. त्याआधी ही पोरगी अशी होती की हजेरीला ‘हजर’ म्हणायची तेही बाईंना ऐकू जायचं नाही. सातवीत तर ती सलग आठ दिवस वर्गात बसून गैरहजर होती. आता मात्र तिला आवाज सापडला होता. नवी चप्पल घेतलेला माणूस जसा उगाच दोन फेऱ्या जास्त मारतो, तशी ती तो आवाज उगाच जास्त वापरायची. भाजीवाल्याशी घासाघीस करताना ‘मित्रहो’ म्हणायची. आईनं दळण आणायला सांगितलं तर गिरणीवर जाण्याआधी गव्हाचं महत्त्व सांगायची.

अशा मुलीच्या वस्तीतली विहीर रंगीत व्हावी, यापेक्षा मोठं भाग्य ते कोणतं!

आणि विहीर खरोखरच रंगीत होती. चिंचपुरा म्हणजे नागपुरातली नव्वद घरांची वस्ती. नळ होता, पण एकच, पार टोकाला, आणि तोही पहाटे चारला जेमतेम अर्धा तास करंगळीएवढी धार सोडायचा. बाकी पिणं, न्हाणं, धुणं सगळं विहिरीवर. विहिरीपासून शंभर पावलांवर रुपरावांचा साड्या रंगवायचा कारखाना होता. शहराबाहेरच्या वाडीतल्या गोदामांतून ट्रकनं रंगाचे डबे यायचे, मोठमोठ्या कढया उकळायच्या, आणि सीताबर्डीच्या दुकानांत काचेमागं लटकलेल्या निम्म्या साड्या माझ्याच हातच्या, असं रुपराव छाती फुगवून सांगायचे. रंगवून उरलेलं पाणी ते मागच्या कच्च्या खड्ड्यात सोडायचे. खड्डा ते प्यायचा आणि हळूच विहिरीला पाजायचा.

त्यामुळं सीताबर्डीत पुढच्या महिन्यात कोणत्या रंगाची चलती येणार, हे दुकानदारांच्या आधी चिंचपुऱ्याच्या बायकांना कळायचं. एकदा कांताबाईंनी नवऱ्याचं पांढरं धोतर धुतलं ते पोपटी निघालं. नवरा बिचारा तेच नेसून साखरपुड्याला गेला आणि तिथं लोकांनी त्याला बँडवाला समजून वाजवायला कधी सुरू करणार म्हणून विचारलं. तोवर सगळे हसत होते. मग लहान पोरांच्या अंगावर पुरळ उठलं. सुभद्राकाकूंच्या शेळीनं त्या पाण्याला तोंड लावणं सोडलं. तेव्हा कोणी हसलं नाही.

‘विहीर बचाव समिती’ निघाली. सिंधूताई अध्यक्ष झाल्या, कारण वस्तीत सर्वांत मोठा ओटा त्यांचा होता आणि समितीला बसायला जागा लागते. घागरी घेऊन महापालिकेच्या ऑफिसावर मोर्चा गेला. ऑफिसातले साहेब भला माणूस. ते स्वतः येऊन विहिरीत डोकावून गेले आणि म्हणाले, “मला दिसतं आहे हो. पण रुपराव म्हणतात हा विहिरीतला गाळ आहे. माझ्या दिसण्यावर हुकूम निघत नाही. पाणी तपासून त्याचा कागद आणा. कागदात पाणी खराब निघालं तर खड्डा बंद करतो. चांगलं निघालं तर तुमची तक्रार बंद करतो.”

तपासून आणा म्हटल्यावर सगळ्यांच्या माना आपोआप सिंधूताईंच्या माडीकडं वळल्या. तिथं शामलाताई भाड्यानं राहायच्या. नाशिकच्या. रसायनशास्त्रात डॉक्टर झालेल्या आणि पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला. त्यांच्याकडं लूना होती. चिंचपुऱ्यात लूना चालवणारी बाई ही एकटीच, म्हणून पुष्पलताच्या लेखी त्यांचं स्थान देवाच्या जरा वर आणि मुख्याध्यापिकेच्या जरा खाली होतं.

पुष्पलता जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून गेली. मागून धापा टाकत सिंधूताई.

“ताई, पाणी तुम्हीच तपासायचं. आणि पुढच्या मोर्च्यात तुम्ही सगळ्यांत पुढं चालायचं,” पुष्पलता म्हणाली. “मी घोषणा लिहिल्या आहेत. ऐका. रंग साडीला, पाणी घागरीला!”

“छान आहे,” शामलाताई म्हणाल्या. “पण मी पुढं चालणार नाही. घोषणाही देणार नाही.”

“काहून?”

“उद्या माझ्या हाताखालून आकडा निघेल. रुपराव म्हणतील, ही बाई काल आमच्या नावानं ओरडत होती, हिचा आकडा कसा मानायचा? मग तुमच्या हातात काय उरलं?”

सिंधूताईंना हे पटलं नाही. “म्हंजे तुमी आमच्यातल्या नाही काय वं? माह्या घरी राहता, माह्या हातचं लोनचं खाता, अन् वेळ आली त मधातच बसता?”

“तुमच्यातलीच आहे, सिंधूताई. म्हणून तर नीट मोजायचं आहे.”

पुष्पलता मनातून जरा हिरमुसली. शास्त्रज्ञ म्हणजे मूठ उगारून ‘सत्य हे आहे!’ असं गरजणारा माणूस, अशी तिची कल्पना होती. ही तर गहू निवडणाऱ्या बाईसारखी बोलत होती.

शामलाताईंनी कपाटातून पाच बाटल्या काढल्या. बूच घट्ट, आतून लख्ख. “सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी एक. बाटली दोरीनं विहिरीत सोडायची, भरायची, बूच लावायचं. बस. मला आत्ताच चंद्रपूरला दौऱ्यावर निघायचं आहे, नाहीतर मीच भरल्या असत्या. नऊ वाजता आमचे नत्थूजी सायकलवर येऊन बाटली घेऊन जातील. प्रत्येक बाटलीबरोबर हा कागद. ‘नमुना थेट विहिरीतून, कोणतीही प्रक्रिया न करता, माझ्यासमोर घेतला.’ खाली तुझी सही. जमेल?”

सही! पुष्पलतानं नुकतीच सही तयार केली होती. खाली नागमोडी रेघ आणि रेघेवर दोन टिंबं. आजवर तिला ती वहीच्या मागच्या पानाखेरीज कुठं करायलाच मिळाली नव्हती. ती तिथंच बसली आणि पाचही कागदांवर पाच झोकदार सह्या ठोकून मोकळी झाली.

“अगं, रोजच्या रोज करायची होती,” शामलाताई म्हणाल्या. पण त्यांना गाडी गाठायची घाई होती.

पाण्यानं बाटली भरायला वक्तृत्व लागत नाही. समितीचं पथनाट्य बसवायचं होतं, घोषणा पाठ करून घ्यायच्या होत्या, सभेतलं भाषण लिहायचं होतं आणि त्यात सकाळची शाळा. पुष्पलतानं रविवारी संध्याकाळी पाच जणींना ओट्यावर उभं केलं आणि एकेक बाटली हातात दिली. कांताबाईंना सोमवार, सिंधूताईंना मंगळवार, स्वतःच्या आईला, म्हणजे रुख्मिणीबाईंना, बुधवार, सुभद्राकाकूंना गुरुवार आणि सत्यवतीकाकूंना शुक्रवार. “तुम्ही आजपासून जलदूत!” ती म्हणाली. “हे पाणी मोठ्या प्रयोगशाळेत जाणार आहे. तिथं मोठमोठे शास्त्रज्ञ ते काचेत घालून बघणार आहेत. चिंचपुऱ्याची अब्रू तुमच्या हातात आहे!”

हे शेवटचं वाक्य तिनं नसतं उच्चारलं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

आठवडा झकास गेला. नत्थूजी रोज नऊला यायचे, रोज चहा प्यायचे, आणि बाटली टोपलीत पोरासारखी निजवून न्यायचे. “एवढ्या चकाचक बाटल्या म्या नोकरीत पाह्यल्या नाहीत गा,” असंही एकदा म्हणाले. पुष्पलतानं ते कौतुक म्हणून घेतलं.

पुढच्या गुरुवारी समाजमंदिरात सुनावणी. पंखा एक, माणसं दीडशे. साहेब टेबलामागं, टेबलावर प्रयोगशाळेचं बंद पाकीट. एका बाजूला रुपराव, पांढरं धोतर, कपाळावर बुक्का, चेहरा समाधानी. दुसऱ्या बाजूला समिती. शामलाताई चंद्रपूरच्या गाडीतून उतरून थेट तिथंच आल्या होत्या, पिशवीसकट. दारापाशी उभ्या राहिल्या.

आधी पुष्पलताचं भाषण झालं. काय भाषण झालं! पंख्याचा आवाज ऐकू येईनासा झाला. “आजवर आमच्याकडं फक्त आमचे डोळे होते,” ती कडाडली, “आज आमच्याकडं विज्ञान आहे! या पाकिटात चिंचपुऱ्याचं सत्य आहे! साहेब, पाकीट फोडा!”

साहेबांनी पाकीट फोडलं. चष्मा लावला. एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“पाणी जवळजवळ रंगहीन,” ते म्हणाले. “गढूळपणा नाही. रंगद्रव्यं नगण्य. सर्वसाधारण दर्जा उत्तम.” आणि हळूच, “आमच्या घरच्या पाण्यापेक्षा चांगलं दिसतं आहे.”

समाजमंदिरात पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला.

रुपराव उठले. त्यांनी आधी पाकिटाला नमस्कार केला. “साहेब, म्या काय म्हनत होतो? गाळ हाय, गाळ. आता त विज्ञानानंच सांगितलं. पोरगी भाषण मात्र झकास देते हं. माह्या नव्या दुकानाच्या उद्घाटनाले बोलावतो तिले.”

मग सगळा राग फिरला तो दाराकडं. “माय वं, हे कसं झालं?” कांताबाई ओरडल्या. “लूनावाली फितूर झाली!” मागून कोणीतरी म्हणालं. सिंधूताईंनी तर नुसतं लोणचं आठवल्यासारखं शामलाताईंकडं बघितलं.

शामलाताई गर्दीतून वाट काढत टेबलापाशी गेल्या. कागद मागून घेतला. बोट आकड्यांवरून खाली उतरत गेलं आणि एका जागी थांबलं.

“सल्फेट इतकं कसं?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग कागदाची मागची बाजू बघून त्यांनी मान वर केली. “इथं शेरा आहे. ‘बाटली क्रमांक चार, वाळ्याचा सुगंध येतो.’ विहिरीच्या पाण्याला वाळ्याचा सुगंध?”

त्या पुष्पलताकडं बघत होत्या. रागानं नाही. खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं.

पुष्पलतानं बोटांवर वार मोजले. चार म्हणजे गुरुवार. गुरुवारी ती विहिरीवर नव्हती. कोणत्याच वारी नव्हती. आणि टेबलावर, साहेबांच्या कोपराजवळ, पाच कागद पसरले होते आणि पाचांवर नागमोडी रेघ, रेघेवर दोन टिंबं. ‘माझ्यासमोर घेतला.’

गप्प बसणं अगदी सोपं होतं. सगळ्यांचा राग शामलाताईंवर होता. तो तिथंच राहिला असता. त्या परगावच्या, आज ना उद्या बदलून जाणाऱ्या. विहीर मात्र गेली असती. आणि बोललं तर गेलं सगळं: बक्षीस, भाषण, मित्रहो.

“मी तिथं नव्हते,” पुष्पलता म्हणाली.

आवाज सातवीतल्या हजेरीएवढाच निघाला. साहेब म्हणाले, “काय?”

“मी तिथं नव्हते!” आता तो भिंतीपर्यंत गेला. “पाचही दिवस नव्हते. सह्या मी आधीच करून ठेवल्या. बाटल्या या पाच जणींना वाटल्या आणि मी पथनाट्याला गेले. वाळ्याचं मला माहीत नाही.”

सगळी सभा सुभद्राकाकूंकडं वळली. काकू पदर सावरत उभ्या राहिल्या आणि भलत्याच ताठ्यात म्हणाल्या, “वाळा म्या टाकला. काहून? एवढे मोठे लोक काचेत घालून पाहनार, अन् मे महिन्यासारखी तपून राहिली दुनिया. पान्याले जरा थंड वास नको?”

“आणि तुरटी? सल्फेट तिच्यातूनच येतं,” शामलाताई म्हणाल्या.

“तुरटी त फिरवलीच. तुरटी कोन नाही फिरवत?”

मग बांध फुटला. तुरटी चौघींनी फिरवली होती, रात्रभर निवळू दिलं होतं, ते तर रोजचंच. त्यावर कांताबाईंनी लुगड्याच्या चौपदरी फडक्यानं दोनदा गाळलं होतं. सिंधूताईंनी बाटली आधी राखेनं घासून उन्हात वाळवली होती. पुष्पलताच्या आईनं पाणी उकळलं होतं, “कच्चं पानी कोनाच्या घरी पाठवाचं काय?” आणि सत्यवतीकाकू, ज्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास, त्या खाली मान घालून म्हणाल्या, “त्या दिवशी विहिरीचं पानी पार जांभळं होतं. असं पानी पाहुन्याच्या हाती देताना माही मान खाली गेली असती. म्या माठातलं नळाचं भरलं.”

“चिंचपुऱ्याची अब्रू तुमच्या हाती, असं हेच पोट्टी बोलली होती,” कांताबाईंनी साहेबांना सांगितलं. “मंग? राखली आम्ही अब्रू!”

पहिल्यांदा साहेब हसले. मग रुपराव हसले. मग अख्खं समाजमंदिर हसलं, आणि पुष्पलताला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात ते याच वेळी असावं.

“हसू आलं खरं,” साहेब म्हणाले, “पण खोट्या सहीचे कागद घेऊन मी काय करू? तक्रार बंदच करावी लागेल.”

“एक मिनिट,” शामलाताई म्हणाल्या. “आमच्या प्रयोगशाळेचे आकडे बरोबर आहेत. फक्त ते विहिरीच्या पाण्याचे नाहीत. हा कागद मी लेखी मागं घेते. आणि चूक या बायकांची नाही. सही हिची चुकली, ते तिनं सांगितलं. पण पहिली चूक माझी. काय करायचं ते मी पाठ करून घेतलं, का करायचं ते सांगितलंच नाही. घाण पाणी घाणच का हवं, हे ज्या बाईला कोणी सांगितलं नाही, ती पाणी स्वच्छच करणार. जन्मभर तेच तर केलं आहे तिनं.”

सिंधूताईंनी पहिल्यांदा पदरानं डोळ्याचा कोपरा पुसला. घाम असेल.

“मंग चला ना आताच विहिरीवर!” कांताबाई म्हणाल्या. “साहेबांच्या समोर भरू!”

सगळे निघाले. साहेब, रुपराव, दीडशे माणसं. विहिरीत डोकावले. पाणी जवळजवळ साधं होतं. रुपरावांनी तीन दिवस कढया पेटवल्याच नव्हत्या.

“पाहा,” रुपराव प्रेमळपणे म्हणाले. “विहिरीलेच दया आली तुमची.”

शामलाताई काठावर हात टेकून उभ्या होत्या. त्यांनी रुपरावांकडं बघितलं. “रुपरावजी, पुढची बाटली तुम्हीच भराल का?”

“म्या?”

“तुम्ही. तुमच्या हातानं. म्हणजे समितीनं काही टाकलं, काही मिसळलं, अशी शंकाच नको. साहेबांचे कारकून साक्षीला. फक्त दिवस मी सांगेन, आणि त्याच सकाळी सांगेन.”

रुपरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. “माह्या हातचं पानी माह्यावर कसं उलटंन? मंजूर!”

“पंधरा दिवस देतो,” साहेब म्हणाले. “त्यानंतर नाही.”

आता दिवस कोणता, हे कसं ठरवायचं? शामलाताईंनी पुष्पलताला माडीवर बोलावलं. पुष्पलता या वेळी एकेक पायरी चढून गेली. तिथं तिला एक शंभर पानी वही मिळाली.

“रोज सकाळी साडेपाच आणि संध्याकाळी सहा. पाण्याचा रंग, वास, फेस. कारखान्याच्या धुराड्यातून धूर आहे की नाही. जे दिसेल तेच. तुला जे वाटतं ते नाही.”

“भाषण?”

“नाही.”

“कवितेत लिहिलं तर?”

“पुष्पलता!”

पंधरा दिवस, म्हणजे तीस फेऱ्या. हे असलं कंटाळवाणं काम तिनं जन्मात केलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं लिहिलं, ‘अन्यायाचा गडद हिरवा रंग.’ शामलाताईंनी लाल पेन्सिलीनं ‘अन्यायाचा’ खोडलं. दुसऱ्या दिवशी, ‘भयाण गुलाबी.’ ‘भयाण’ गेलं. चौथ्या दिवसापासून खोडायला काही उरेना. विहिरीवर बायका थट्टा करायच्या: “पोट्टी आज बोलून नाही राहिली, तब्येत बरी हाय ना वं?” रोज संध्याकाळी शामलाताईही तिथं येऊन बसायच्या आणि बाटली का घासायची नाही, तुरटीनं पाण्यातलं काय खाली बसतं, सल्फेट कुठून आलं, हे सांगायच्या. प्रश्नांचा तर पाऊस. “तुरटीनं एवढा रंग बसते, मंग आमी पेतो ते चांगलंच म्हना ना?” सुभद्राकाकूंनी विचारलं. “दिसायला चांगलं,” शामलाताई म्हणाल्या. “जे दिसत नाही ते सगळंच बसत नाही.” काकू बराच वेळ शेळीकडं बघत राहिल्या.

नवव्या दिवशी पुष्पलताच्या लक्षात आलं. ती वही घेऊन धावत माडीवर गेली. “ताई, मंगळवार आणि शुक्रवार! आदल्या संध्याकाळी धूर, पाणी मात्र फिकंच, आणि सकाळी साडेपाचला रंग सगळ्यांत गडद. संध्याकाळपर्यंत उतरतो. दोन्ही मंगळवारी आणि मधल्या शुक्रवारी तोच गडद रंग!”

शामलाताईंनी पानं उलटली. पुन्हा उलटली. मग त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “शुक्रवार.”

शुक्रवारी सकाळी सव्वापाचला रुपरावांच्या दारात शामलाताई, साहेबांचे कारकून गोपाळराव आणि नत्थूजी उभे. रुपराव बाहेर आले ते बनियनवर, तोंडात मंजन, हातात तांब्या.

“आज? आत्ता?”

“तुम्ही मंजूर म्हणाला होता,” गोपाळराव डोळे चोळत म्हणाले. “चला लवकर. मले घरी जाऊन झोपाचं हाय.”

विहिरीवर निम्मा चिंचपुरा जमला होता. कोणी हूं की चूं करत नव्हतं. शामलाताईंनी तसं बजावलं होतं. रुपरावांनी चूळ भरली, दोरी धरली, बाटली सोडली. बाटली बुडबुड करत भरली. त्यांनी ती वर ओढली, बूच लावलं आणि गोपाळरावांच्या हाती दिली. सगळं अगदी नियमाप्रमाणं.

पुष्पलतानं वही उघडली, बाटलीकडं निरखून बघितलं आणि लिहिता लिहिता पुटपुटली, “पाच वाजून बत्तीस. रंग राणी.”

“राणी?” रुपराव म्हणाले.

घराकडं निघालेले ते परत वळले. त्यांनी गोपाळरावांच्या हातातली बाटली उजेडाकडं धरली. तीस वर्षं रंगात हात घातलेला माणूस. कोणी त्यांच्या खड्ड्याला नावं ठेवावीत, विहिरीला ठेवावीत, पण रंगाला?

“हे राणी हाय काय? डोळे कुठी ठेवले पोरी? राणीत निळी झाक राहते काय कधी? हा फालसाई हाय, फालसाई! अख्ख्या नागपुरात हा रंग माह्याशिवाय कोनाले बसत नाही. तिसऱ्या कढईतला. काल संध्याकाळीच...”

आणि ते थांबले.

सगळ्यांच्या माना गोपाळरावांच्या पेनाकडं वळल्या.

“तिसरी कढई,” गोपाळराव लिहीत म्हणाले. त्यांची झोप पार उडाली होती. “काल संध्याकाळी. फालसाईत ‘फ’ला काना ना?”

“ते लिहू नका,” शामलाताई म्हणाल्या. “नुसत्या डोळ्यांनी ओळखलेला रंग हा पुरावा नव्हे. आकडे यायचे आहेत.”

“ताई!” सिंधूताईंनी कपाळावर हात मारला. “आता त गप राहा ना वं!”

“बाई, म्या शाईनं लिहिलं,” गोपाळराव म्हणाले. “आता खोडता येत नाही.”

रुपराव मग तांब्या तिथंच विसरून घरी गेले. नत्थूजींनी बाटली टोपलीत ठेवली आणि सायकलला टांग मारली.

आकडे चार दिवसांनी आले, समाजमंदिरात पुन्हा सुनावणी बसली, आणि शामलाताईंचंच बरोबर होतं: फालसाईवरून नुसता तमाशा झाला असता, आकड्यांपुढं मात्र रुपरावांनी आणलेला वकीलही चष्मा काढून बसला. रंगद्रव्यं किती, क्षार किती, आणि डोळ्यांना न दिसणारं काय काय. सहा ओळी, सहाही ओळींत मर्यादेच्या कितीतरी वर. पाणी कोणी भरलं, यावर वाद घालायची सोयच नव्हती.

“पण हे एका दिवसाचं झालं,” वकील म्हणाले. “रोजच असं असतं याला आधार काय?”

“आधार आहे,” साहेब म्हणाले. “ती वही वाचा कोणीतरी.”

पुष्पलता उठली. मागच्या वेळी हीच सभा तिच्या खोट्या सह्यांवर हसली होती. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालंही, “सही पाहून घ्या गा आधी!” तिचे कान तापले. तिनं वही उघडली, घसा साफ केला.

“पहिला दिवस, मंगळवार. सकाळी साडेपाच. गडद हिरवा,” ती म्हणाली. “फेस, दोन बोटं. संध्याकाळी सहा. फिका हिरवा. फेस नाही.”

शब्द वहीतलेच होते, एकही जास्तीचा नव्हता. पण आवाज! आवाजाला कोणी लाल पेन्सिल लावली नव्हती. तिसऱ्या दिवसापाशी तिचा हात वर गेला. चौथ्या दिवशी “फेस, तीन बोटं!” म्हणताना तिनं तीन बोटं अशी उंचावली की समोरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. “धूर, नाही!” ला तिनं मध्ये असा दम घेतला की सत्यवतीकाकूंनी छातीवर हात ठेवला. दहाव्या दिवसापर्यंत मागच्या बाकावरचे उभे राहिले होते. शामलाताई मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते, आणि त्या रडत नव्हत्या हे नक्की.

तेराव्या दिवशी साहेबांनी दोन्ही हात वर केले.

“पुरे! खड्डा आजपासून बंद. पक्कं टाकं बांधून पाणी निवळल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय एक थेंब बाहेर सोडायचा नाही. तोवर कढया थंड. हुकूम मी आत्ताच लिहितो. मुली, आता बस खाली.”

टाळ्या पडल्या, घागरी वाजल्या, कांताबाईंनी शामलाताईंना मिठीच मारली. पुष्पलता काही बसली नाही. तिनं पान उलटलं.

“अजून दोन दिवस राहिले आहेत, साहेब,” ती म्हणाली. “चौदावा दिवस, सोमवार. सकाळी साडेपाच.”